डाग काढताना

आमच्या गाळ्यात सोल्डर म्हणत नाहीत, डाग म्हणतात.
डाग द्यायला दस्तगीरमामांनी शिकवलं,
तासगावात, जुन्या स्टँडमागच्या पत्र्याच्या गाळ्यात.
मी आयटीआयचं सर्टिफिकेट पुढं केलं होतं,
त्यांनी ते बाजूला सारलं.
म्हणाले, हात दाखव.

डाग द्यायला आठवडा पुरतो.
काढायला वर्षं जातात.
तांब्याची रेघ केसाएवढी,
जरा जास्त तापली की उचकटते
भाजलेल्या मिरचीची साल निघावी तशी,
आणि गिऱ्हाईक तर समोर स्टुलावर बसलेलं असतं,
सावळजहून मोटारीचा स्टार्टर घेऊन आलेलं,
सारखं घड्याळ बघत.

मामांचा हात गेल्या दिवाळीपासून हलतो.
फार नाही.
चहा बशीत उतरण्याइतका.
बाजारातला सकर झटका देतो, टक्क,
आणि त्या टक्कसरशी टोक घसरतं, रेघ जाते.
एका महिन्यात तीन बोर्ड गेले.
तिसऱ्याचे पैसे त्यांनी खिशातून भरले,
मला बोलले नाहीत. वहीत दिसलं.

हवा ओढून डाग काढणारं यंत्र पुण्यात मिळतं.
अकरा हजार, वर जीएसटी.
मी बरं म्हणून फोन ठेवला.

मग मगदूम कंपाउंडरांकडं गेले,
म्हशीची सिरिंज मागितली, पन्नास मिलीची.
सुई नको म्हटल्यावर ते चष्म्यावरून बघत राहिले,
"मग टोचायलाईस तरी कुणाला?"
त्यांच्याच बागेतलं, फवाऱ्याचं पितळी नोझल आणलं,
बारीक भोक आयतंच पाडलेलं,
तोंडाशी मोरचुदाचा निळा थर.
लिंबानं घासलं, तरी थोडा राहिलाच.
पस्तीस वॉटच्या जुन्या आयर्नचं टोक काढून तिथं ते बसवलं,
बगलेतून फ्रीजची तांब्याची नळी,
पुढं सलाईनची.

सलाईनची नळी पहिल्याच डागाला वितळली.
गाळाभर वास. शेजारचा झेरॉक्सवाला येऊन बघून गेला.
दुसऱ्यांदा शिसं अर्ध्या वाटेत थिजलं,
नोझल तापवून तापवून तारेनं कोरत बसले
रात्री पावणेअकरापर्यंत.
तिसऱ्यांदा चहाच्या मशीनमधली सिलिकॉनची नळी घेतली,
मध्ये लोणच्याची बाटली, झाकणाला दोन भोकं, आत कापूस,
म्हणजे शिसं बाटलीत पडेल, सिरिंजपर्यंत जाणार नाही.

आणि दट्ट्या हातानं ओढायचा नाही.
हे मी आधीच ठरवलं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं.
आईनं शिलाई मशीन विकलं, पण पायडल माळ्यावर राहिलं होतं.
त्याला सायकलची ब्रेकवायर बांधली.
पाय दाबला की सिरिंज हवा ओढते,
हळू,
गाईनं पाणी प्यावं तशी.

मामा बसले.
उजव्या हातात आयर्न, डाव्यानं उजवं मनगट धरलेलं.
सोळा पायांची आयसी.
पहिला डाग चमकला, पातळ झाला,
पाय खाली गेला,
डाग नव्हता.
मी श्वास मोजत नव्हते, पण सोळा झाले तेव्हा कळलं
की मोजत होते.
चिमटा लावायच्या आतच आयसी आपण होऊन टेबलावर पडली.

त्यांनी बोर्ड ट्यूबलाइटकडं धरला.
सोळा भोकांतून उजेड,
हातासोबत हलणारा.
बराच वेळ धरून ठेवला.
मग म्हणाले,
"मगदूम आता फवारणार कशानं?"

संध्याकाळी शटर ओढताना वही उघडी दिसली.
त्यांच्या अक्षरात: यंत्र, एकशे नव्वद.
खाली एक रेघ मारलेली,
वाकडी,
कागदाच्या कडेपर्यंत सलग गेलेली.